सुनेच्या लग्नाचा डबा

३ फेब्रुवारी

पाकिटावर तुझं नाव लिहिलंय, तेवढं पुरे. आत 'प्रिय' वगैरे लिहिलं की तू म्हणशील, यांना काहीतरी हवंय. हवंच आहे. बदामाच्या पिठाच्या पावाची कृती हवी आहे.

फोन तू घेत नाहीस. ताई घेतात आणि म्हणतात, "ती जरा पडलीय हो." सकाळी केला तरी तू पडलेली, दुपारी केला तरी पडलेली. तापातसुद्धा कधी दिवसाउजेडी पाठ न टेकलेली बाई आता बहिणीकडे जाऊन सारखी पडलेली असते. असू दे. पत्र पडल्या पडल्याही वाचता येतं, म्हणून हा उद्योग.

लग्न एकवीसला आहे. सुनेचं लग्न. हे दोन शब्द शेजारी लिहिताना पेन अडेल असं वाटलं होतं. अडलं नाही. हल्ली माझं काहीच अडत नाही. सकाळी उठतो, दाढी करतो, कारखान्यात जातो, लोकांना हसवतो, घरी येतो. कोणी विचारलं, कसं काय, तर म्हणतो, मजेत. तक्रार म्हणून सांगत नाही, खबर म्हणून सांगतो.

तर लिफ्टवाल्याच्या आईचा फोन आला होता. लग्न त्यांच्या गावी. आधी कचेरीत सह्या, मग हॉलमध्ये जेवण. मी म्हटलं, "सुनेच्या खाण्याचं काय?" अजून तोंडात 'सून'च येतं. आता ती त्यांची सून, मग माझी कोण, हे मला कोणी सांगितलेलं नाही.

त्या म्हणाल्या, "काळजी नको. आचाऱ्याला बजावलंय, तिच्यासाठी वेगळं ताट काढ म्हणून."

"आणि पळी?"

"पळी? कसली पळी?"

"वाढायची. आचारी रस्सा दाट करायला मैदा लावणार. तीच पळी तिच्या ताटात बुडली तर ताट वेगळं काढून काय उपयोग?"

बाई मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "एक विचारू का? राग नका मानू. थोडंसं गेलंच पोटात, तर काय होतं हो?"

थोडंसं! ऐकलंस? ती लग्न होऊन आली तेव्हा हाच शब्द तुझ्या तोंडी होता. थोडंसं खा गं, थोडंसं घे, थोड्याशाने कोणाला काय होतंय. मग एकदा ती आठवडाभर अंथरुणाला खिळली, आणि तू स्वयंपाकघरातला गव्हाचा कण न् कण हाकलून दिलास. मी बाहेर पाव खाऊन आलो तर मला अंगणात हात धुवायला लावायचीस. विहीणबाईही शिकतील. बाई वाईट नाही, फक्त अजून घाबरलेली नाही. पण एकवीस तारखेच्या आत शिकणार नाहीत.

सून म्हणाली, "बाबा, माझा डबा मी भरते. रोज भरतेच की."

मी म्हटलं, "स्वतःच्या लग्नाला स्वतःचा डबा कोणी भरतं का?"

दवाखान्यात एक्स-रे उजेडावर धरून बघते ना, तसं तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "तुम्हाला जमेल?"

म्हटलं, "आयुष्यभर दुसरं केलंय काय? लोकांच्या वस्तू न फुटता पोचवल्या. हा तर पाव आहे."

तेव्हा कृती पाठव. गहू, मैदा, बार्ली, काही नाही, वर साखर आणि कार्ब बेताचं, एवढं मला माहीत आहे. बाकीचं तुझ्या हातात आहे, आणि हात तू नेलेस.

जाताना कपाटावरच्या फोटोजवळची पत्र्याची डबीही नेलीस. धुळीत तिच्यापुरता चौकोन स्वच्छ दिसतो. मी काही म्हणत नाही. दिसलं, म्हणून लिहिलं.

मी


८ फेब्रुवारी

ताईंचा फोन आला. आपणहून. म्हणाल्या, "मला सहज आठवलं, म्हटलं तुम्हाला पावाचं सांगावं."

ताईंना सहज आठवलं! ज्या बाईने उभ्या जन्मात चहा सोडून काही केलं नाही, तिला बदामाच्या पिठाचा पाव सहज आठवला.

"आधी अंडी फेटायची," ताई म्हणाल्या. मग गप्प. मग, "चांगली फेस येईस्तोवर." पुन्हा गप्प. मी कानाला फोन लावून बसलो होतो. माझे कान कसे आहेत ते तुला माहीत आहे. "जवसाची पूड शेवटी," असं तू म्हणालीस, ते आधी मला ऐकू आलं आणि मग ताईंनी म्हटलं, "हं, आणि जवसाची पूड शेवटी बरं का." मी म्हटलं, "ताई, मीठ किती?" तुम्ही दोघी कुजबुजलात. ताई म्हणाल्या, "अंदाजाने." मी म्हटलं, "ज्या बाईला अंदाज आहे तिला विचारून सांगा." तेव्हा तू खोकलीस. खोकला सुटलेला दिसत नाही. कोमट पाणी घेत जा.

या फोनच्या आधीच मी एक पाव करून बसलो होतो, तो कसा झाला ते सांगतो. भट्टीतून काढला, सुरी घातली, सुरी वाकली. मी तो रुमालात बांधून कारखान्यात नेला. मिस्त्रींनी हातात घेतला, उलटा केला, टेबलावर ठोकला, म्हणाले, "मालक, लाकूड कुठलं?"

"बदाम."

"चांगलं आहे. पेटीच्या फळीला आधार म्हणून खालून लावू."

सगळे हसले. मीही हसलो. मिस्त्रींनी तुकडा तोडून चावून बघितला, बराच वेळ चावला, म्हणाले, "जवस आधीच टाकलंत वाटतं. म्हणून दगड झाला." म्हटलं, "तुम्हाला हो काय माहीत?" तर म्हणाले, "वहिनी कधीतरी बोलल्या होत्या." बघ, माझ्याशी नाही बोललीस ते मिस्त्रींशी बोलून ठेवलंयस.

दुसरा पाव जमला. म्हणजे कापला गेला. सून म्हणाली, "छान झालाय बाबा." खाताना मात्र पाण्याचे घोट घेत होती.

बरोबर काय काय न्यायचं, ते आम्ही दोघांनी ठरवलंय. उकडलेली अंडी, चीज, भाजलेले बदाम आणि भोपळ्याच्या बिया, काकडी, कोंबडीचे भाजलेले तुकडे, पाव. गाडीतलं वेगळं, लग्नाच्या दिवशीचं वेगळं. बर्फाच्या पिशव्या गारठवायला ठेवल्यात.

परवा मी सूप केलं होतं. जेवताना सून म्हणाली, "बाबा, मीठ घालायचं राहिलं का?" मी अर्धा वाडगा संपवला होता. मला कळलं नव्हतं. वर्ष होऊन गेलं, मला मिठाचं कळत नाही. जे समोर येतं ते जातं. डॉक्टरला सांगितलं तर तो जीभ बाहेर काढा म्हणेल. जिभेला काही झालेलं नाही.

मी


१३ फेब्रुवारी

आज पेटी केली. सुनेच्या डब्याची.

तू नेहमी म्हणायचीस, काचेची झुंबरं आणि दवाखान्याची यंत्रं जगभर पाठवता, घरच्या लोणच्याची बरणी मात्र पिशवीत उभी राहत नाही तुमच्याने. तर या वेळी मनावर घेतलं. पाइनच्या फळ्या, आत फोमचं अस्तर, प्रत्येक डब्याला त्याच्या मापाचा खण, अंड्यांना गोल घरं, बर्फाच्या पिशव्यांना बाजूला कप्पे. खण पुठ्ठ्याचे, व्यवस्थित चिकटवलेले. पेटी भरून बघितली, झाकण लावलं, आणि कानाशी धरून हलवली.

वाजली नाही.

नियम तुला माहीत आहे. आपल्याकडून निघणारी प्रत्येक पेटी दाराशी हलवायची. आतून आवाज आला तर परत आत. मग ती कोणाचीही असो, गाडी सुटायची वेळ झालेली असो. पत्र्याच्या शेडमध्ये दुसऱ्याच्या हाताखाली खिळे ठोकत होतो तेव्हापासून एवढी एकच गोष्ट मला इतरांपेक्षा बरी येते. आत काय सुटलंय, ते बाहेरून ऐकू येतं.

पेटी घरी आणली. सुनेने उघडली, आत हात फिरवला, बोटं नाकाशी नेली आणि एकदम हसायला लागली. खूप दिवसांत तिचं तसलं हसणं ऐकलं नव्हतं.

"बाबा, हे खण कशाने चिकटवलेत?"

"खळीने. नेहमीच्या."

"खळ कशाची?"

आणि मग मला कळलं. मैद्याची! एवढी वर्षं कारखान्याच्या कोपऱ्यात पातेलंभर मैदा रटरटतोय, मी तो रोज बघतो, आणि पोरीचा बिनगव्हाचा डबा मी मैद्याच्या घरात बसवला.

"चालेल हो," ती म्हणाली. "डबे बंदच आहेत."

"चालणार नाही," मी म्हटलं. पेटी परत नेली. मिस्त्रींनी सगळे खण उपसले आणि पातळ फळ्यांचे केले, खाचेत खाच. गोंद नाही, खळ नाही. मिस्त्री फक्त पातेल्याकडे बघून मान हलवत होते, जसं काही पातेल्यानेच दगा दिला.

आता जे लिहिणार नव्हतो ते लिहितो.

तू गेलीस त्या दिवशी दारातून म्हणालीस, "माल पाठवावा तशी पाठवताय तिला." मी लिफ्टवाल्याला घरी बोलावलं, हे खरं आहे. कारखान्यातली माल चढवायची लिफ्ट बंद पडली, तो दुरुस्तीला आला. सून माझा डबा घेऊन आली होती, तिच्याशी तो बोलला. काय बोलला? "ताई, बाजूला व्हा, तेल उडेल." एवढंच. पण माझे कान आहेत. मग लिफ्ट पुन्हा पुन्हा बिघडायला लागली. चांगली लिफ्ट गं. मी मिस्त्रींना विचारलं, "हा मुद्दाम काही ढिलं करून जातो का?" मिस्त्री म्हणाले, "तो नाही मालक, मीच ढिलं करतो. पोरगा बरा आहे."

ती चार भिंतींत आपल्या दोघांकडे बघत म्हातारी व्हावी असं तुलाही वाटत नाही. ती दवाखान्यातून आल्यावर दार लावून घेते, तेव्हा तू दाराबाहेर उभी राहायचीस, ते मी ऐकलंय. तुला तिचा राग नाही. माझाही फारसा नसावा. घरातून आपल्या मुलाचं शेवटचं माणूस जातंय, याचा आहे.

डबीबद्दल मी काही म्हणत नाही असं लिहिलं होतं. म्हणतो. तिची साखर चढते, त्यापेक्षा उतरते तेव्हा जास्त वाईट. मग लगेच काहीतरी गोड तोंडात पडावं लागतं. ते कळल्यापासून आपला मुलगा खिशात ती डबी घेऊन फिरायचा. साखरेचे चौकोनी खडे. जिना चढायला लागला की खालूनच खुळखुळ ऐकू यायची. तू झारा टाकून पान मांडायला घ्यायचीस, मी पेपर घडी करायचो, ती आरशात बघायची. कोणी 'आला' म्हणायचं नाही. गरज नव्हती.

तो गेला तेव्हा दवाखान्याने त्याच्या वस्तू दिल्या त्या पिशवीत घड्याळ होतं, किल्ल्या होत्या आणि डबी होती. एक कोपरा चेपलेला. तेव्हापासून ती कपाटावर होती आणि ती हलवायची कोणाची छाती नव्हती. तू पुसायचीससुद्धा तिच्या कडेकडेने.

आता सून काचेच्या बाटलीतल्या साखरेच्या गोळ्या पर्समध्ये ठेवते. तिची ती सांभाळते.

वीसला सकाळी निघू. मिस्त्री गाडी चालवतील. ताईंचं गाव वाटेवर नाही, थोडा वळसा आहे. वळसा घेऊ का, एवढं ताईंना सहज आठवलं तर बघ.

मी


२० फेब्रुवारी, संध्याकाळ

ताईंना काही आठवलं नाही. वळसा घेतला नाही. पोचलो. लिफ्टवाल्याने उतरायची सोय केलीय, खोली नीटनेटकी आहे, खिडकीखाली गाड्या धुतात. सून शेजारच्या खोलीत आहे. विहीणबाई येऊन गेल्या. पेटी बघून म्हणाल्या, "एवढी मोठी? आम्ही उपाशी ठेवू असं वाटलं का?" मी म्हटलं, "तुम्ही नाही हो, तुमची पळी." हसल्या. जाता जाता आचाऱ्यासाठी नवी पळी घ्यायला गेल्या, हेही ऐकलं.

आता सकाळचं.

निघायच्या आधी तुझं पार्सल आलं. सुनेच्या नावाचं. पुठ्ठ्याचं खोकं, वर दोरी आडवी-उभी कशीतरी गुंडाळलेली, गाठ तर अशी की तू दातांनी आवळली असशील. सवयीने मी ते कानाशी नेलं आणि हलवलं.

वाजलं.

दुसऱ्या कोणाचं असतं तर खाली ठेवून म्हटलं असतं, परत. मी ते तसंच धरून उभा राहिलो. मिस्त्री गाडीचं दार उघडून बघत होते. त्यांनाही ऐकू गेलं असणार. ते आरसा पुसायला लागले.

सुनेला दिलं. "आईंचं आहे," म्हटलं. तिने मांडीवर घेतलं, दोरीवरून अंगठा फिरवला, उघडलं नाही. म्हणाली, "तिथे गेल्यावर."

गाडी निघाली. रस्ता खराब. प्रत्येक खड्ड्याला खोकं वाजायचं. खुळखुळ. ती खिडकीबाहेर बघत होती, मी समोर बघत होतो. दोघांनाही कळलेलं होतं आत काय आहे. मला वाटत होतं, आता काहीतरी वाटेल. वाटलं नाही. खड्डे मोजल्यासारखं ते ऐकत राहिलो, इतकंच.

आता माझा पराक्रम ऐक. निघताना तिची पर्स सीटवरून घसरत होती आणि आतली गोळ्यांची काचेची बाटली किणकिणत होती. दोन दोन आवाज माझ्याने ऐकवेनात. मी पर्स तिच्याकडून घेतली, फोममध्ये गुंडाळली आणि पेटीच्या रिकाम्या कोपऱ्यात अशी बसवली की भूकंप झाला तरी हलू नये. झाकणाला खिळे मारले. वर तिच्या बॅगा रचल्या, त्यावर पट्टा आवळला. ती म्हणाली, "बाबा, पर्स राहू दे ना." मी म्हटलं, "हलत्या वस्तू फुटतात."

दुपारी गाडीत जेवलो. तिने इन्सुलिनची सुई टोचून घेतली आणि मग नीट खाल्लंच नाही. अंडं अर्धं ठेवलं. भूक नाही म्हणाली. उद्या लग्न, नसणारच. पुढे गेलो तर रस्ता तुंबलेला. मालाने भरलेला ट्रक आडवा पडला होता. ना पुढे, ना मागे. आजूबाजूला नुसती शेतं. मिस्त्री किती वेळ लागेल ते बघायला चालत पुढे गेले.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "बाबा, साखर उतरतेय."

पाऊस येईलसं दिसतंय म्हणावं, त्या आवाजात. मी मागे वळून बघितलं तर ओठ पांढरे आणि कपाळावर घाम.

"गोळ्या?"

"पर्समध्ये."

मी उतरून मागे गेलो. पट्टा सोडला, बॅगा खाली टाकल्या. झाकण नखाने निघेना. माझी पटाशी कारखान्यात. मिस्त्रींच्या हत्यारांची पिशवी सीटखाली असते ती मला सापडेना. खिळे माझे, नीट बसलेले. आणि त्या पेटीत उघडून तरी काय मिळणार होतं? अंडी, चीज, बिया, कोंबडी. मी इतक्या काळजीने प्रत्येक वस्तूतली साखर काढून टाकली होती की त्या सगळ्या पेटीत तिला उपयोगी पडेल असा एक कण नव्हता, मीच बंद करून टाकलेली ती बाटली सोडली तर.

शेजारच्या गाडीतली बाई काच खाली करून म्हणाली, "काय झालं? चक्कर का? हे बिस्किट द्या त्यांना." हात लांब करून पुडा धरला होता. "थोडंसं खा गं, बरं वाटेल."

सुनेने मान हलवली. नको. डोळे मिटले होते.

तेव्हा मी खोक्याकडे बघितलं. ते तिच्या मांडीवरच होतं. दोन्ही हात त्यावर, आणि हातांना कापरं भरलेलं, त्यामुळे खोकं आपोआप वाजत होतं. गाडी उभी असून वाजत होतं.

"फोड ते," मी म्हटलं.

"तुम्ही फोडा."

गाठ सुटेना. मी दोरी ओढून सरकवली, पुठ्ठा फाडला. आत फडक्यात बांधलेला तुझा पाव, आणि शेजारी, काही गुंडाळलेलं नाही, काही खोचलेलं नाही, मोकळीच टाकलेली डबी. आयुष्यात तू कधी नीट पॅक केलं नाहीस, देव तुझं भलं करो.

झाकण चेपल्यापासून सरळ उघडत नाही. कोपरा दाबून मग सरकवावं लागतं. मला येत होतं. कधी करून बघितलं होतं कोणास ठाऊक, पण हाताला येत होतं. मला वाटलं, आतले खडे जुने असतील, पिवळे पडून एकमेकांना चिकटलेले. नव्हते. पांढरे शुभ्र, कडा धारदार, नवे. तू दुकानात जाऊन आणलेस. पडून राहणारी बाई दुकानात गेली.

आणि डबी गच्च भरली नव्हतीस. गच्च भरली असती तर वाजली नसती. पेट्यांच्या माणसाबरोबर इतका संसार केलास, एवढं तुला ठाऊक असणारच.

तिच्या जिभेवर एक ठेवला, मग दुसरा. ती चावत होती तो आवाज ऐकत मी रस्त्यात उभा राहिलो. शेजारची बाई म्हणाली, "शुगरवाल्या का? मग त्यांना साखर कशी चालते?" मी म्हटलं, "बाई, सांगायला लागलो तर ट्रक उठेल." ती हसली. मीही हसलो.

जरा वेळाने सुनेचा रंग परत आला. तिने बाहीने कपाळ पुसलं. डबीचं झाकण स्वतः लावलं. मग डबी कानाशी नेऊन हलवली. आपल्याच घरची सून.

"आई येणार नाहीत ना?" तिने विचारलं.

"नाही."

"आल्या," ती म्हणाली आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली.

मिस्त्री परत आले. रस्त्यावर उतरवलेल्या बॅगा बघून म्हणाले, "काय शोधत होता मालक?" सीटखालून पिशवी काढून त्यांनी पटाशी माझ्यापुढे धरली. मी ती घेतली, झाकण उचकटलं आणि पर्स काढून तिच्या हातात दिली. झाकणाला परत खिळे मारले नाहीत. पुढचा सगळा प्रवास पेटी खडखडत होती. मिस्त्री एकदाही मागे बघायला वळले नाहीत. सभ्य माणूस.

मी


२२ फेब्रुवारी

झालं.

कचेरीत सह्या झाल्या. साक्षीदार म्हणून मीही केली. कारकुनाने विचारलं, "मुलीचे कोण?" मी क्षणभर थांबलो तेवढ्यात सून म्हणाली, "वडील लिहा." त्याने लिहिलं. मान वर न करता, जसं रोज लिहितो तसं.

हॉलमध्ये तिने आपल्या पेटीतलं खाल्लं. विहीणबाईंनी नवी पळी आणून ठेवली होती, लाल दोरा बांधून, आणि जो येईल त्याला दटावत होत्या, "त्या पळीला हात लावाल तर बघा. थोडंसंसुद्धा चालत नाही." पाहुण्यांपैकी कोणी म्हातारे गृहस्थ म्हणाले, "लग्नात घरून डबा? आमच्या वेळी असलं नव्हतं." विहीणबाई म्हणाल्या, "तुमच्या वेळी लिफ्टही नव्हती. तरी वर आलात ना तिच्यातून?" शिकल्या. माझ्या अंदाजापेक्षा लवकर शिकल्या. तू भेटलीस की तुमचं जमेल किंवा अजिबात जमणार नाही.

जेवणं झाल्यावर सून मला बाजूला घेऊन गेली. लिफ्टवाला तिथे उभा होता. नवे कपडे घातलेत की कपड्यांनीच त्याला घातलंय, कळत नव्हतं. सुनेने डबी माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "तुम्ही द्या."

मी दिली. काय आहे, कशाला आहे, सांगितलं. कोणाची होती, ते त्याला माहीत होतं. त्याने ती दोन्ही हातांत घेतली. उघडायला गेला, उघडेना. लिफ्टची यंत्रं उघडणारा माणूस, नखं लावून बसला.

"काका, हिचं काहीतरी अडलंय. ठोकून सरळ करून देऊ का कोपरा?"

"नको," मी आणि सून एकदम म्हणालो. घाबरला बिचारा. मग मी दाखवलं. "इथे दाब. आता सरकव." दुसऱ्या खेपेला जमलं. झाकण लावून त्याने डबी शर्टाच्या खिशात टाकली, वरून हात ठेवून बघितलं.

मग त्याला कोणीतरी खालून हाक मारली. तो जिना उतरून गेला. उतरताना आवाज आला नाही, हॉलमध्ये गलका होता. मी एका खुर्चीवर बसलो. पेटी शेजारी होती, रिकामे डबे, बर्फाचं पाणी झालेल्या पिशव्या. तुझ्या पावाचा शेवटचा तुकडा फडक्यात उरला होता. तो मी हातात घेतला. खायचा म्हणून नाही, फेकायचा नाही म्हणून.

आणि तेवढ्यात तो जिना चढून वर यायला लागला.

खुळखुळ.

मी मान वळवली. दाराकडे. हात पेपर घडी करायच्या बेतात उचलला गेला, आणि हातात पेपर नव्हता, पाव होता. हॉलच्या दुसऱ्या टोकाला सून कोणाशी तरी बोलत उभी होती. तिचंही बोलणं थांबलं. तिनेही दाराकडे बघितलं. दारातून लिफ्टवाला आत आला. हातात पाण्याची बाटली, माझ्यासाठी आणली होती.

मी बाटली घेतली. पाव तोंडात टाकला.

उद्या निघतो, हे पत्र मीच आणून देईन. मिस्त्रींना सांगितलंय, परतताना वळसा घ्यायचा. ताईंना सांग, चहा ठेवा. तू झोपलेली असलीस तरी चालेल, मी ओसरीवर बसेन.

पावात मीठ जास्त पडलंय. मला कळलं.

तुझा